कोणी राहिलं का?

गेल्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मी माझ्या साळ्याला पाळकाचा पांढरा झगा घालून प्रभुभोजनाच्या मेजामागे उभं केलं. साळा पाळक नव्हता. तो काटोलच्या बाजारात संत्र्यांच्या हर्रासात बोली पुकारायचा. आजही पुकारतो.

हे वाचून हसू येत असेल तर खुशाल हसा. मीही सहा महिने हसत होतो. आता हसू आलं की मध्येच थांबतं, आणि ते कुठे थांबतं हे सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे.

आमचं चर्च नागपुरात सदरच्या मागच्या गल्लीत आहे. नाव सांगत नाही, कारण मला अजून दर रविवारी तिथेच जायचं असतं. आम्ही बॅप्टिस्ट. आमच्यात वरून हुकूम येत नाही. बिशप नाही, कोणी नाही. बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक माणूस मंडळीच्या सभेत हात वर करतो, आणि सभा ठरवेल ते शेवटचं. त्यामुळे काही चुकलं तर दोष द्यायला वरती कोणी सापडत नाही, ही आमच्या पंथाची मोठीच गैरसोय आहे. मी या मंडळीचा डीकन, म्हणजे उपासनेत मदत करणारा सेवक, आणि सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी माझ्या हुशारीमुळे झालो नाही. निवडणुकीच्या सभेला मी उशिरा पोचलो, आणि नाही म्हणायला तिथे मीच नव्हतो. एरवी लकडगंजात माझं कुलरचं दुकान आहे. लोखंडी टाक्या, पंप, जाळ्या, वाळा, सगळं मिळतं.

आणि मंडळीचं सगळं बघायच्या सिस्टर. वय चाळीसच्या आसपास. पाळकाचं पूर्ण शिक्षण घेतलेलं, परीक्षेत वर्गातल्या सगळ्या पुरुषांच्या पुढे. अकरा वर्षं त्या उपदेश करत होत्या, दवाखान्यात जाऊन बसत होत्या, मयतीला प्रार्थना करत होत्या, नवराबायकोची भांडणं मिटवत होत्या. तरीही दारावर येणारा माणूस विचारायचा, "पाळकसाहेब हायेत का?" सिस्टर म्हणायच्या, "बोला ना." तो म्हणायचा, "नाही, साहेब आल्यावर येतो." साहेब नव्हतेच. पण आमच्याकडल्या लोकांना नसलेल्या साहेबाची वाट बघणं सोपं जायचं.

सिस्टरांना पाळकपदाची दीक्षा मिळालेली नव्हती. त्यासाठी सभेत दोनतृतीयांश हात वर व्हावे लागतात, आणि तो विषय अकरा वर्षं "पुढच्या सभेत घेऊ" या खान्यात पडलेला होता. आणि दीक्षा नाही म्हणून त्यांनी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, द्यायचं नाही, असा आमचा नियम. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही एक पुरुष उसना आणायचो. मनीषनगरला एक निवृत्त रेव्हरंड राहतात, त्यांना स्कूटरवर मागे बसवून आणणं हे माझं काम. शनिवारी सिस्टर काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून रस करायच्या. पावाचे बारीक चौकोनी तुकडे कापायच्या. बोटाएवढ्या ग्लासांचं ताट भरायच्या. रेव्हरंडसाहेबांचा झगाही त्याच धुऊन इस्त्री करून आणायच्या. मग साहेब यायचे, मेजावरचं पांढरं कापड बाजूला करायचे, चार शब्द बोलायचे, भाकर मोडायचे. तेवढ्यासाठी मी माइक त्यांच्या उंचीला लावायचो. पुढच्या रविवारी तो खाली करायचं माझ्या लक्षात राहायचं नाही. सिस्टर उपदेशाआधी स्वतःच स्क्रू पिळून खाली करायच्या. अकरा वर्षं.

पुढच्या बाकावर सिस्टरांची आई बसायची. दोघी चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत राहायच्या. म्हातारी दर पहिल्या रविवारी मोठ्याने विचारायची, "आज तू देतं का वं?" आणि सिस्टर हळू आवाजात म्हणायच्या, "नाही आई. अजून नाही."

त्या वर्षी ईस्टर झाल्यावर रेव्हरंडसाहेबांनी सांगून टाकलं, "डिसेंबरनंतर मी येणार नाही. स्कूटरवर माझी कंबर राहत नाही." आता टाळता येणार नव्हतं. नोव्हेंबरच्या सभेत निकाल लावायचं ठरलं. हात पुरे पडले तर सिस्टरांना दीक्षा. नाही पडले तर जानेवारीपासून बाहेरून पुरुष पाळक, आणि सिस्टरांनी मागच्या दोन खोल्या रिकाम्या करायच्या.

हे सगळं मला माहीत होतं. हे माहीत असतानाच मी तो उद्योग केला.

झालं असं की शुक्रवारी साहेबांचा फोन आला, मी रायपूरला मुलीकडे निघालो, दुसऱ्या कोणाला तरी सांग. मी "हाव जी" म्हटलं. तेव्हा मी एका गिऱ्हाईकाच्या गच्चीत शिडीवर होतो, एका हातात पंप, तोंडात स्क्रू. स्क्रू तोंडातून काढला तेव्हा फोनही डोक्यातून निघून गेला. मे महिन्यात नागपुरात कुलरवाल्याच्या डोक्यात काही राहत नाही, पण ही सबब मी नंतर देवापुढेही मांडून पाहिली आणि ती चालली नाही.

रविवारी सकाळी मी बायको आणि साळ्यासह चर्चला पोचलो. हंगाम संपल्यामुळे साळा आठ दिवस बहिणीकडे राहायला आला होता. सिस्टर दारात उभ्या.

"भाऊ, साहेब?"

"येऊन राहिले," मी म्हटलं. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही, निस्तरायला लागतो. मी आतल्या खोलीत गेलो, आणि तेव्हा तो फोन आठवला. खिडकीतून बाहेर पाहिलं. कडुनिंबाखाली साळा पाणी पीत उभा. पांढरे केस, ताठ मान, भरदार मिशा. देवाने त्याला पाळकाचं तोंड दिलंय, घसा मात्र बाजारातला दिलाय.

आजचं प्रभुभोजन पुढच्या रविवारी घेऊ, असं सांगता आलं असतं. पण मग कोणाची चूक म्हणून विचारणा झाली असती. मी साळ्याला आत ओढलं.

"भाऊजी, मले यातलं काही येत नाही," तो घाबरला.

"काही येवा लागत नाही गा. सगळं सिस्टरच करते. तुले फक्त हात लावा लागते."

त्या प्रथेबद्दल अकरा वर्षांत मी बोललेलं ते एकमेव खरं वाक्य. पण बोलताना मला ते कळलं नाही. मी बटणं लावण्यात गुंतलो होतो. साहेब साळ्यापेक्षा ठेंगणे, त्यामुळे झगा साळ्याच्या पोटऱ्यांपर्यंतच आला. सिस्टर आत आल्या तर मी एका दमात म्हटलं, "साहेब रायपूरले गेले. हे माझे साळे. तिकडे काटोलकडे हेही रेव्हरंडच हायेत." सिस्टरांनी त्याच्या पोटऱ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बाहेर गीत संपत आलं होतं. त्या वेदीवर गेल्या आणि म्हणाल्या, "आज आपल्यामध्ये काटोलचे रेव्हरंड आले आहेत."

साळा मेजामागे उभा राहिला. शब्द त्याला आठवेनात. सिस्टर बाजूला उभ्या राहून हळू आवाजात एकेक वाक्य सांगत होत्या आणि तो ते मोठ्याने म्हणत होता. आणि काय आवाज तो! बाजाराच्या पार टोकाला ऐकू जाणारा आवाज आमच्या छोट्या चर्चमध्ये घुमला. आम्ही डीकनांनी ताटं फिरवली. ताटं परत मेजावर आली की पाळक विचारतो, "कोणी राहिलं का?" कोणाला भाकर मिळाली नसेल तर त्याने हात वर करावा, म्हणून. हे एकदा विचारायचं असतं. साळ्याला सिस्टरांनी ते सांगितलं, आणि तिथे त्याचा धंदा जागा झाला.

"कोणी राहिलं का?" त्याने उजवीकडे नजर फिरवली. "कोणी राहिलं का?" डावीकडे. "को...णी राहिलं का?" आणि तिसऱ्या वेळेस त्याने मेजावर फाडकन तळहात आपटला. ग्लास किणकिणले. सौदा पक्का.

मी रुमाल तोंडात कोंबला. पण मंडळी? मंडळी भारावून गेली. बाहेर आल्यावर आमचे ज्येष्ठ डीकन, निवृत्त हेडमास्तर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याले म्हणते पाळक! तीनदा विचारलं माणसानं! किती कळकळ. नाहीतर आपली बाई. शिकलेली हाय, मेहनती हाय, पण आवाजात ते वजन कुठून आणणार?"

सिस्टर ग्लास गोळा करत होत्या. त्यांनी ऐकलं. त्यांची आई काठी टेकत हळूहळू जात होती. तिनेही त्या दिवशी माझ्या साळ्याच्या हातून मोडलेली भाकर दोन्ही हातांनी घेतली होती, डोळे मिटून.

घरी जाताना स्कूटरवर मागून साळा म्हणाला, "भाऊजी, हे बरं नाही केलं आपण. मले वाटे का देव पाहून राहिला." मी म्हटलं, "पाहू दे. तुझ्यावर खूश होऊन राहिला." बायको मागून रिक्षाने येत होती, म्हणून रस्त्यात माझी शोभा झाली नाही. घरी पोचल्यावर झाली.

इथपर्यंतची गोष्ट मी लग्नांत, पंगतीत, चहाच्या टपरीवर, माणसं बदलून सांगत असे. तळहात आपटायची जागा आली की मीही टेबलावर हात आपटायचो. पुढचं कधी सांगितलं नाही.

जूनमध्ये साहेब रायपूरलाच राहिले, म्हणून प्रभुभोजन झालं नाही, आणि जुलै लागताच सिस्टरांची आई अंथरुणाला खिळली. त्याच सुमारास रेव्हरंडसाहेबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आठ दिवस वाकायचं नाही, घराबाहेर पडायचं नाही म्हणून बजावलं. एका दुपारी सिस्टर आपली स्कूटी घेऊन लकडगंजला दुकानात आल्या. मी एक गंजलेली टाकी उलटी करून बसलो होतो.

"भाऊ, एक काम होतं. आई आता जास्त दिवसांची नाही. तिले प्रभुभोजन घ्यायचं हाय. साहेब येऊ शकत नाहीत. घरातल्या घरात, चार भिंतींत, मी तिले दिलं तर चालते का? आपली घटना तुमच्याजवळ हाय. जरा पाहून सांगता?"

"पाहतो ना सिस्टर. संध्याकाळी फोन करतो."

आमच्या मंडळीची घटना म्हणजे बारा पानांची टाइप केलेली वही. ती दुकानाच्या सगळ्यात खालच्या खणात होती. तिच्यावर जुन्या पावत्या, त्यावर दोन बिघडलेले पंप, त्यावर तारेचं भेंडोळं. सगळं उपसावं लागलं असतं. मला कंटाळा आला. हे कारण लिहिताना लाज वाटते, पण दुसरं कोणतंही कारण नव्हतं. मी सिस्टरांच्या विरुद्ध नव्हतो. कोणाला भीत नव्हतो. मला खण उपसायचा कंटाळा आला. संध्याकाळी मी फोन केला आणि सेक्रेटरीचा जाड आवाज काढून म्हणालो, "नाही सिस्टर. घटनेत नाही बसत."

"तुम्ही पाहिलं ना भाऊ?"

"हाव. पाहिलं."

"ठीक हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी वाद घातला नाही. पाचव्या दिवशी म्हातारी गेली. मयतीला मी पुढे होतो, खांदा दिला, चहाची व्यवस्था पाहिली, लोक म्हणाले, सेक्रेटरी असावा तर असा.

ऑक्टोबरात अंबिया बहाराची संत्री निघाली. हेडमास्तरांचा काटोलकडे वडिलोपार्जित बगीचा आहे. ते आपला माल घेऊन बाजारात गेले. ढिगाशेजारी क्रेटवर उभा राहून एक ताठ मानेचा, भरदार मिशांचा माणूस पुकारत होता, एक वार, दोन वार, आणि तिसऱ्या वाराला त्याने क्रेटवर फाडकन तळहात आपटला. हेडमास्तरांनी तो आवाज ओळखला. चेहऱ्याआधी आवाज ओळखला असं त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. साळ्याने त्यांना पाहिलं आणि पुढची बोली अर्धी सोडून तो क्रेटवरून उतरून पळाला. व्यापाऱ्यांना वाटलं, पोलीस आले.

त्याने मला फोन केला, पण मी घेतला नाही. संत्र्याची पेटी पाठवतो म्हणून सांगत असेल, असं वाटलं.

नोव्हेंबरची सभा. उपासनेनंतर सगळे बसून राहिले, पुरुष एका बाजूच्या बाकांवर, बाया दुसऱ्या. दीक्षेचा विषय मी वाचला. हेडमास्तर उभे राहिले. "हात वर करायच्या आधी मंडळीनं एक गोष्ट ऐकावी. मे महिन्यात या बाईनं वेदीवरून ज्याले रेव्हरंड म्हणून उभं केलं, तो काटोलच्या बाजारात संत्रे विकते. मी माझ्या डोळ्यानं पाहिलं. प्रभूच्या मेजाशी असा खेळ! आणि हिले पाळक करायचं?"

पुरुषांच्या बाकांवर गलका झाला. साळ्याला घरातली चार माणसं सोडून तिथे कोणी ओळखत नाही, असा माझा समज होता. सिस्टर उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दार उघडून धरलेला माणूस मागच्याची वाट पाहतो, तसं पाहिलं.

मी माइकची वायर तपासायला टेबलाखाली गेलो.

वायर ठीक होती. मी टेबलाखालून त्यांचे पाय पाहिले, साध्या चपला, पांढऱ्या साडीचा काठ, आणि वरून आवाज ऐकला. "घोषणा मी केली. चौकशी केली नाही. चूक माझी हाय." बस. एवढंच. मी बाहेर आलो तेव्हा ठराव झाला होता. दीक्षेचा निर्णय डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, आणि तोवर हेडमास्तरांनी दुसऱ्या पाळकाची चौकशी सुरू करावी. तो ठराव मीच लिहून घेतला. अक्षर छान आलं.

दोन दिवसांनी घरी जेवताना बायको म्हणाली, "टेबलाखाली काय सापडलं तुमाले?"

मग मी सिस्टरांकडे कबुली द्यायला गेलो. तिसऱ्या दिवशी एकदा, पाचव्या दिवशी एकदा, दोन्ही वेळा गल्लीच्या तोंडावरून परतलो. तिसऱ्यांदा आत गेलो. दोन खोल्यांत पुस्तकांची खोकी बांधून ठेवलेली. आईची काठी कोपऱ्यात. खिडकीतला कुलर दिसला. "पंप आवाज करते वाटते," म्हणालो आणि पेचकस काढून बसलो. अर्धा तास मी तो कुलर खोलला, पुसला, पुन्हा बसवला.

"भाऊ," सिस्टर दारात उभं राहून म्हणाल्या, "स्वेटर घालून कुलर दुरुस्त करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहून राहिले."

मी पेचकस खाली ठेवला. "सिस्टर, तुम्ही माझं नाव काहून नाही घेतलं?"

"कारण मले त्याच वेळेस समजलं होतं. पोटरीपर्यंतचा झगा पाहूनच शंका आली, आणि पहिलं वाक्य अडलं तेव्हा खात्री झाली. थांबवता आलं असतं. नाही थांबवलं. मग माझी चूक नाही तर कोणाची?"

"काहून नाही थांबवलं?"

त्या खोक्यावर बसल्या. "खरं सांगू? मी शब्द सांगत होते, तो बोलत होता. आणि मले वाटलं, साहेबांनाही मी असेच सांगते. चार वर्षं झाली, त्यांना आठवत नाही. मंडळीले पुरुषाचा आवाज ऐकू येते, शब्द माझे असतात. मग साहेब काय अन् तुमचा साळा काय. थोडी गंमतही वाटली. त्या गमतीची मले आता लाज वाटते." मग त्या म्हणाल्या, "फक्त आईचं मनाले लागते. तिचं शेवटचं प्रभुभोजन तेच ठरलं. असो. घटनेत बसत नव्हतं, त्याले तुम्ही तरी काय करणार?"

साळ्याचं ओझं घेऊन गेलो होतो, ते त्यांनी उतरवून ठेवलं, आणि जाताना हे दुसरं खांद्यावर दिलं. त्यांना माहीत नव्हतं. मी मान हलवली आणि निघालो.

त्याच संध्याकाळी दुकानातला खण उपसला. भेंडोळं, पंप, पावत्या. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सातव्या पानावर लिहिलं होतं, प्रभुभोजन मंडळीने नेमलेली बाप्तिस्मा घेतलेली कोणतीही व्यक्ती देऊ शकेल. दीक्षेचा उल्लेख नाही. पुरुषाचा नाही. खाली आणखी एक ओळ होती. आजारी सभासदाला घरी द्यायचं असेल तर सेक्रेटरीची परवानगी पुरेशी आहे.

सेक्रेटरीची. म्हणजे माझी.

ती वही नऊ वर्षं माझ्याजवळ होती. शेजारच्या प्लायवूडवाल्याने विचारलं, काही हरवलं का. मी म्हटलं, नाही, सापडलं.

डिसेंबरचा पहिला रविवार. रेव्हरंडसाहेब आले होते, शेवटचे. उपदेश झाला. साहेब मेजाकडे जायला उठणार तोच मी उभा राहिलो आणि म्हटलं, "थोडं थांबा. मले बोलायचं हाय."

"उपासनेत सभा?" हेडमास्तर ओरडले.

"बसा गुरुजी," साहेब म्हणाले. "बोलू द्या त्याले. माझी कंबर तसंही उठू देत नाही."

मी साळ्याची गोष्ट सांगितली. शिडी, फोन, झगा, सगळं. झगा मी त्याच्या अंगावर चढवला, खोटं मी बोललो, सिस्टरांना मी फसवलं. पुरुषांच्या बाकांवर आश्चर्य पसरलं. बायांच्या बाकांवर काहीच नाही. तिथून एक म्हातारी म्हणाली, "हे तर आमाले मे महिन्यातच माहीत हाय. तुमच्या बायकोनं सांगितलं. सिस्टर म्हणे, कोणी बोलू नका, भाऊ स्वतः सांगतीन. बापा, किती दिवस लावले!" लोक हसले. मीही हसलो. सवयीने.

मग मी वही काढली. सातवं पान वाचलं. दोन्ही ओळी. आणि सांगितलं की जुलैमध्ये सिस्टरांनी मला हेच विचारलं होतं, आणि मी वही न उघडता नाही म्हटलं होतं.

आता कोणी हसलं नाही. सिस्टर वेदीवरून खाली आल्या. "दाखवा." त्यांनी वही हातात घेतली, ते पान वाचलं, पुन्हा वाचलं. वही परत दिली आणि आतल्या खोलीत गेल्या. नळाचा आवाज येत राहिला. बराच वेळ. बायको उठून माझ्याजवळ आली आणि दात आवळून म्हणाली, "हे आधी तिले एकटीले जाऊन सांगायचं होतं. चार लोकांत सांगून मोकळे झाले तुमी. ती कुठं मोकळी होईन?" कबुलीतही मी घोटाळाच केला होता.

साहेबांनी घसा साफ केला. "मी तर तीस वर्षं समजत होतो का हा नियम हाय," ते म्हणाले. "मंडळी नेमते का सिस्टरले? हात वर करा." हात वर झाले. साहेबांनी झगा काढायचा प्रयत्न केला, वरचं बटण निघेना, म्हणून ते झग्यासकट पुढच्या बाकावर जाऊन बसले. सिस्टरांच्या आईच्या जागेवर.

सिस्टर बाहेर आल्या. तोंड धुतलेलं, डोळे लाल. त्यांनी माइकचा स्क्रू पिळला, माइक खाली घेतला आणि पांढरं कापड बाजूला केलं. शब्द त्यांनी दुसऱ्याला सांगितले नाहीत, स्वतः बोलल्या. आम्ही ताटं फिरवली, परत आणून ठेवली. त्यांनी मंडळीकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणी राहिलं का?"

एकदाच विचारलं. कोणी हात वर केला नाही. पुढच्या बाकावर साहेब झग्याच्या बटणाशी खेळत बसले होते, आणि म्हातारीच्या त्या जागेकडे मी पुन्हा पाहू शकलो नाही.

शेवटी भाकर डीकनांना मिळते. माझ्यापुढे ताट आलं तेव्हा मी मान वर केली नाही. मला त्यांचे हात दिसले, मनुकांच्या डागांनी काळसर झालेले.

उपासनेनंतर दीक्षेसाठी मतं घेतली. हात मी मोजले. पुरे पडले, वर चार जास्तच. हेडमास्तरांचा हात कोपरापर्यंत वर आला, तोही मी धरला. सिस्टरांनी खोकी उघडायची, असं ठरलं.

सगळे गेल्यावर आतल्या खोलीत त्या ग्लास विसळत होत्या. मी बाजूला उभा राहून पुसायला लागलो. कधी केलेलं काम नव्हतं ते. दोन ग्लास फोडले. मग धीर करून म्हटलं, "सिस्टर, आईचं... मले माफ करता येईल का?"

त्यांनी नळ बंद केला. हातातला ग्लास ताटात पालथा ठेवला.

"माफ करीन, भाऊ. आजच नाही, पण करीन," त्या म्हणाल्या. "सेक्रेटरी मात्र मी आता वाचता येणारा पाहते."